त्रेचाळिसाव्या पानावरची पेन्सिल

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या दोनशे अकरा क्रॉसिंगांचे बेडूक झाले. मी चहाचा दुसरा कप घेऊन वरच्या लहान खोलीत बसलो होतो. ब्रॅकनेलच्या भाषांतर एजन्सीची ईमेल आली, फाइल उघडली, आणि पहिल्याच पानावर फ्रॉग. दुसऱ्या पानावर तीन. रूळ रुळाला जिथे छेदतो त्या जागेला या देशात क्रॉसिंग म्हणतात, अमेरिकेत फ्रॉग म्हणतात, आणि मी सतरा वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहतो, अमेरिकेत नाही, हे एजन्सीच्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात कुठलीशी अमेरिकन शब्दसूची घातलेली. त्याने एका फटक्यात सगळं सारखं करून टाकलं होतं. इतकंच असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण रस्त्यावरच्या फाटकाला इंग्रजीत लेव्हल क्रॉसिंग म्हणतात, आणि आता माझ्या भाषांतरात बल्गेरियातल्या एकोणीस फाटकांवर लेव्हल फ्रॉग बसले होते. मी कप खाली ठेवला आणि मोठ्याने एक मराठी शिवी दिली. घरात कोणी नव्हतं. लता, माझी बायको, हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होती. तरी शिवी दिल्यावर मी सवयीने दाराकडे पाहिलं.

पुस्तक एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे सांधे कसे बसवावेत, कसे राखावेत, कधी तपासावेत, याची दोनशे साठ पानांची सरकारी नियमावली. बल्गेरिया मागच्या वर्षी युरोपियन युनियनमध्ये आला आणि तिथल्या जुन्या मार्गांच्या दुरुस्तीवर देखरेख करण्याचं काम इथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीला मिळालं. काही लहान स्टेशनांवरचे जुने सांधे आणखी पंधरा वर्षं तसेच वापरायचे ठरले, म्हणून जुनं पुस्तक इंग्रजीत हवं झालं. बल्गेरियन येणारा, इंग्रजी येणारा आणि सांधा म्हणजे काय हे ठाऊक असणारा माणूस या बेटावर शोधायला निघालात तर बहुधा माझ्याच घराची बेल वाजवावी लागेल. हे मी अभिमानाने सांगत नाही. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "मिलिंदराव, सध्या काय चाललंय?" आणि मी म्हटलं, बल्गेरियन सांध्यांचं भाषांतर, की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि समोसा घ्यायला वळतो. त्यांना काय सांगणार? बल्गेरियन माणूस सांध्याच्या सरकत्या, निमुळत्या रुळाला जीभ म्हणतो, ती ज्याला जाऊन चिकटते त्याला खांद्याचा रूळ म्हणतो आणि छेदाच्या जागेला हृदय म्हणतो. इंग्रजीत यातलं काही उरत नाही. ब्लेड, स्टॉक रेल, क्रॉसिंग. आणि आता बेडूक.

मी एकेक बेडूक हाताने पकडत होतो. पुन्हा एका फटक्यात सगळं बदलायची हिंमत नव्हती. सॉफ्टवेअरने आणखी कशाचं काय केलं असतं सांगता येत नाही. असा मी त्रेचाळिसाव्या पानापर्यंत आलो आणि तिथे समासात लाल चौकट दिसली. माझी टीप खोडली होती. शेजारी लिहिलं होतं: काढून टाकावी. या पानावरचा नियम साधा आहे. सांध्याची जीभ आणि खांद्याचा रूळ यांच्यात चार मिलिमीटर फट असेल तर कुलूप बसता कामा नये. कुलूप बसलं नाही की केबिनमधला दिवा लागत नाही, दिवा लागला नाही की गाडी सोडायची नाही. फट राहिली आणि तरी कुलूप बसलं, तर चाकाची कड त्या फटीत शिरते आणि पुढे जे व्हायचं ते होतं. स्कॅन केलेली प्रत कुठल्या तरी स्टेशनातल्या फडताळातून आलेली होती, कारण या नियमाखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. अक्षर जाड, वळणाला ओबडधोबड, पेन्सिल पुन्हापुन्हा थुंकीत बुडवल्यासारखी. "सात नंबर, थंडीत, पाच मिलिमीटरलाही कुलूप बसतं. दिव्यावर जाऊ नको. हाताने बघ." मी ते भाषांतरात घेतलं होतं, चौकटी कंसात, मूळ हस्ताक्षर असं नमूद करून, जसं घ्यायला हवं तसं.

फोन वाजला. "हाय काका, आश्लेषा बोलते. बिझी आहात का?"

आश्लेषा एजन्सीत प्रोजेक्ट मॅनेजर. वय सव्वीस, वाढलेली लंडनजवळ, स्टॅनमोरला, आईवडील दोघे डॉक्टर. माझं नाव वाचून तिने पहिल्याच फोनवर "तुम्ही मराठी आहात का?" असं विचारलं होतं आणि तेव्हापासून मी काका झालो. तिच्या मराठीत लिंगांचा मेळ नसतो. मी दुरुस्त करत नाही. दिवसभर शब्दच दुरुस्त करणाऱ्या माणसाने कुठेतरी थांबावं.

"फ्रॉगबद्दल असेल तर–" मी सुरुवात केली.

"नो नो, ते मी बघितले. सो सॉरी, काका. तो ग्लॉसरी चुकीचा लोड झाला. मी पान फॉर्टी-थ्रीसाठी फोन करते. तिथे तुमचा पेन्सिलवाला नोट आहे ना, तो डिलीट करा प्लीज."

"का?"

"हँडरिटन स्टफ स्कोपमध्ये नाही. क्लायंटच्या ब्रीफमध्ये लिहिलंय, प्रिंटेड टेक्स्ट ओन्ली. आणि माझी मॅनेजर म्हणते की मिसलीडिंग आहे. वर मॅन्युअल एक सांगते आणि खाली कोणीतरी रँडम माणूस दुसरं सांगतो."

"तो रँडम माणूस नाही, आश्लेषा. तो सांधेवाला आहे."

"ते काय असतं?"

"सांधा बदलणारा. पॉइंट्समन. रोज तिथे उभा राहणारा."

"ओके, पण त्याचं नाव पण नाही. अनोनिमस माणसाची कॉमेंट सेफ्टी मॅन्युअलमध्ये कशी घालणार? काका, प्लीज. फाइव्हपर्यंत फायनल फाइल आणि सर्टिफिकेट. ट्रू अँड कम्प्लीट वालं, सही करून. नाहीतर मला हे दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागेल, आणि दुसरं कोणी नाहीच आहे."

म्हणजे त्यातली एक ओळ कापायची आणि खाली सही करायची की भाषांतर पूर्ण आहे. मी "बघतो" म्हणालो. मला बघतो म्हणायची जुनी खोड आहे. फोन ठेवल्यावर मी आणखी सहा बेडूक काढले, सातवा काढताना लेव्हल क्रॉसिंगमधलं लेव्हलच पुसून टाकलं, मग उठलो, कोट घातला आणि बाहेर पडलो.

आमच्या घरापासून लोकल ट्रेनचं स्टेशन दहा मिनिटांवर आहे. स्टेशनच्या पलीकडे पादचारी पूल आहे आणि पुलाखाली एक सांधा. मी तिथे जातो हे लताला माहीत आहे. ती म्हणते, लोक बदकं बघायला जातात, तुम्ही हे बघता. नोव्हेंबरची चिकट ओल होती, कठड्याला हात लावला की हातमोजा गार पडत होता. खाली मोटरने जीभ सरकली, चिकटली, ठक असा कोरडा आवाज झाला, लाल दिव्याचा हिरवा झाला. या कामात इथे माणूस लागत नाही. पण तो ठक आवाज मनमाडच्या यार्डातही असाच यायचा, फक्त त्याच्या आधी लिव्हर ओढणाऱ्या माणसाचा हुंकार ऐकू यायचा, आणि तो हुंकार माझ्या वडिलांचा असायचा. आबांचं नाव कडूबा. आधीची तीन मुलं गेली म्हणून आजीने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं होतं. जालन्याकडच्या खेड्यातून ते रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले आणि पुढे सांधेवाले झाले. सांधेवाला झाल्याच्या दिवशी त्यांनी गल्लीत बुंदी वाटली होती असं आई सांगायची. लिहिता येत नव्हतं, सहीपुरतं यायचं. पण यार्डातल्या प्रत्येक सांध्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. कुठला उन्हात आखडतो, कुठल्याला खडी अडते. फट मोजायची सरकारी पट्टी स्टोअरमधून कधी मिळायची नाही. म्हणून त्यांनी लोहाराकडून एक खिळा ठोकून चपटा करून घेतला होता, नेमक्या जाडीचा, आणि शिटीच्या दोरीला बांधला होता. सांधा बदलला की खिळा फटीत धरायचा आणि कुलूप लावून बघायचं. बसलं नाही म्हणजे सांधा शहाणा. मग खिळा काढायचा, कुलूप लावायचं आणि झेंडी दाखवायची. त्यांनी हे कधी चुकवलं नाही. लहानपणी मला त्या खिळ्याचा अभिमान होता. एकोणिसाव्या वर्षी मी औरंगाबादच्या पॉलिटेक्निकमध्ये होतो आणि तेव्हा मला त्याची लाज वाटायला लागली होती.

त्या हिवाळ्यात मालगाडीच्या दोन वाघिणी यार्डात घसरल्या. कोणी मेलं नाही, चार पोती साखर सांडली. चौकशी बसली. मुंबईहून येणारा साहेब मराठी जाणत नव्हता, जबाब इंग्रजीत लिहून द्या म्हणाले. बाकीच्यांनी बाबूकडून लिहून घेतले. आबा म्हणाले, "माझा पोरगा आहे की." मी सुट्टीवर आलो होतो. घरात एकच टेबल, त्यावर कंदील, आबा समोर बाजेवर बसून सांगत होते आणि मी लिहीत होतो. सांधा बदलला. खिळा लावला. कुलूप बसलं नाही. खिळा काढला. कुलूप बसलं. झेंडी दाखवली. सहा वाक्यं, सहाही खरी. आणि मी खिळ्यापाशी थांबलो. साहेब वाचणार. लोहाराने ठोकलेला खिळा, शिटीच्या दोरीला बांधलेला. साहेब हसेल, शेजारच्याला दाखवेल, म्हणेल बघा कसली माणसं. माझ्या पुस्तकात एक झकास वाक्य होतं, ते मी घातलं: मी सांध्याची दृष्टीने पाहणी करून समाधान करून घेतले. इंग्रजीत ते फार रुबाबदार दिसत होतं. आबांनी खाली सही केली, एकेक अक्षर कोरून, आणि शाई वाळेपर्यंत कागदाकडे बघत बसले. पुढे मी स्वतःला सांगत आलो की खिळा नियमात बसत नव्हता, लिहिला असता तर उलट अंगाशी आलं असतं. हे सगळं मी नंतर रचलं. त्या रात्री मला फक्त लाज वाटली होती, वडिलांची.

निकाल आला: सांधेवाल्याने फट मोजून पाहिली नाही, नुसती नजर टाकली, हे त्याच्याच जबाबावरून स्पष्ट होते. नोकरीवरून काढलं नाही, सांध्यावरून काढलं. दिवे पुसायच्या खोलीत टाकलं. निवृत्तीपर्यंत आबा त्या खोलीत काचा पुसत बसले, हाताला रॉकेलचा वास, आणि बाहेर दुसरं कोणी सांधे बदलायचं. चूक त्यांची नव्हती. वाघिणीचं चाक झिजलं असणार, पण सांध्यावर बोट ठेवता आलं की चाकाकडे कोण बघतो? मला हे सगळं कळलं ते बल्गेरियात, सोफियाला. शिष्यवृत्तीवर रेल्वे इंजिनिअरिंग शिकायला गेलो, तिसऱ्या वर्षी एका स्टेशनवर प्रात्यक्षिक होतं. तिथला म्हातारा सांधेवाला, त्यांच्या भाषेत स्त्रेलोचनिक, त्याने खिशातून कानशीने घासलेला लोखंडाचा तुकडा काढला आणि फटीत धरला. आमचे प्राध्यापक, ज्यांच्यासमोर आम्ही उभ्याने थरथरायचो, वाकून बघत होते. म्हणाले, लिहून घ्या, परीक्षा अशी करतात. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी शौचालय शोधत गेलो आणि तिथे उलटी केली. बाकीची मुलं म्हणाली, याला दही मानवत नाही.

आणि आबा? आबा वीस वर्षं प्रत्येकाला सांगत होते की पोराच्या इंग्रजीने नोकरी वाचली. साहेबाने जबाब वाचला आणि म्हणाला, कोणी लिहिलंय हे, म्हणून घरी नाही बसवलं. साहेब असं काही म्हणाला होता की नाही देव जाणे. लग्नात सांगितलं, नामकरणांत सांगितलं. एक्क्याण्णवमध्ये मी इंग्लंडला निघालो तेव्हा सगळी कॉलनी अंगणात जमवून पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो आणि लोक म्हणायचे, किती नम्र आहे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. लताला नाही. आबा शहाण्णवला गेले, त्यांनाही नाही.

पुलावर किती वेळ उभा होतो कोण जाणे. शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली बाजूने जाताना माझ्याकडे वळून बघत होत्या, तेव्हा लक्षात आलं की आपण बोलत होतो. घरी आलो. पावणेचार झाले होते. उरलेले बेडूक काढले. सर्टिफिकेटचा कागद छापला, त्यावर पूर्ण हा शब्द होता, सहीची जागा रिकामी. मग त्रेचाळिसावं पान उघडलं आणि खोडलेली टीप परत जागेवर आणली. ब्रॅकनेलला फोन लावला.

"आश्लेषा, ती टीप राहणार आहे."

"ओह काका." तिने सुस्कारा सोडला. "इट्स वन लाइन!"

"हो. तेव्हाही एकच होती."

"कधी?"

आणि मी सांगून टाकलं. का ते मला माहीत नाही. कदाचित तिने मनमाड पाहिलेलं नव्हतं म्हणून, कदाचित तिला सांधेवाला म्हणजे काय हे सकाळीच कळलं होतं म्हणून. मध्ये मध्ये मी तिच्यावर ओरडत होतो, जणू ग्लॉसरी तिने नाही तर तिच्या बापाने लोड केली होती. मागे तिच्या ऑफिसात कोणीतरी हसत होतं, फोन वाजत होते.

"तुमचे बाबांना कळलं का, की तुम्ही ते काढलं?"

"नाही."

"मी ते अपेंडिक्समध्ये टाकू का? मॅनेजरला तेवढं चालेल."

"अपेंडिक्स कोण उघडतं? त्याच पानावर. त्याच नियमाखाली. नाहीतर माझी सही नाही."

"काका, यू आर इम्पॉसिबल." मग कीबोर्डचा आवाज आला. "ओके. त्याच पानावर. मॅनेजर ओरडली तर मी सांगते की ट्रान्सलेटर नाही ऐकत. पण सर्टिफिकेटवर नाव तुमचं आहे, तर ते विचारतील ना, तुम्हालाच विचारतील."

"विचारू दे," मी म्हणालो. चार पन्नासला मी सही केली आणि पाठवून दिलं. सुटल्यासारखं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. उलट आपण एका परक्या सांधेवाल्यासाठी भांडलो, याचाच संताप आला. ज्याच्यासाठी भांडायचं त्याच्यासाठी भांडायला एकतीस वर्षं उशीर झाला होता.

लता साडेपाचला आली. बूट काढले, मोजे काढले, सोफ्यावर पाय वर घेऊन घोटे चोळत बसली. बारा तास उभी होती. मी चहा ठेवला नव्हता. "काय झालं?" ती म्हणाली. "एजन्सीवाल्यांनी पुन्हा काही केलं का?"

मी तिच्यासमोर उभा राहिलो, शाळेत उभं करतात तसा. म्हणालो, "लता, आबांची नोकरी मी वाचवली नव्हती. मी त्यांना सांध्यावरून घालवलं. जबाबात त्यांनी खिळा सांगितला होता. मी तो लिहिला नाही. मला लाज वाटली."

तिचा हात घोट्यावर थांबला. ती दचकेल, का म्हणून विचारेल, असं वाटलं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, वॉर्डातल्या माणसाकडे पाहतात तसं.

"आबांना माहीत होतं," ती म्हणाली.

मी खाली बसलो आणि ती सांगू लागली. नव्वद साली मी दिल्लीत होतो. तिथल्या बल्गेरियन व्यापारी कचेरीत होतो आणि तिकडचं सरकार कोसळल्यावर ती कचेरी बंद पडत होती. लता तेव्हा मनमाडला घरी राहायची. एका दुपारी आबांनी ट्रंकेतून तो जबाबाचा कागद काढला, त्यांच्याकडे नक्कल होती हे मला माहीतही नव्हतं, आणि लताला म्हणाले, तू नर्स आहेस, तुला येतं, मला वाचून सांग. तिने एकेक वाक्य वाचलं, एकेकाचं मराठी करून सांगितलं. संपल्यावर आबा म्हणाले, खिळ्याचं कुठं आलं? तिने कागद उलटून पाहिला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. म्हणाली, नाही आलं.

"मग?"

"मग काही नाही. घडी करून परत ठेवला. म्हणाले, मिलिंदला सांगू नको, त्याला लागंल."

"पण त्यानंतर ते अंगणात– मी निघालो तेव्हा, सगळ्यांसमोर–"

"हो. मी होते ना तिथे."

मला राग आला, इतका की कानशिलं तापली. आधी लताचा, अठरा वर्षं एका घरात राहून तिने हे पोटात ठेवलं म्हणून. मग आबांचा. माहीत असून लोकांना ती गोष्ट सांगत राहिले, आणि माझी मान खाली जाताना दर वेळी बघत राहिले. एकदा शिवी दिली असती, एक थोबाडीत मारली असती. मी विचारलं, आवाज चढवूनच विचारलं, "आणखी काय म्हणाले? एवढंच?"

लता आठवत होती. पाय खाली सोडून ती सरळ बसली.

"ट्रंक बंद करताना म्हणाले," ती म्हणाली, "पर इंग्रजी लई झ्याक लिव्हलंय पोरानं."